रॉकेटच्या गोष्टी आणि अर्धा किलो सावली



उन्हाळ्याची सुटी लागली की आमच्या घरी भाचरं-पुतण्यांचा मुक्काम पडतो. दुपारी कोणाला झोप येत नाही आणि मोबाईल किती वेळ द्यायचा यावरून रोज भांडणं होतात. यंदा दहावीची परीक्षा देऊन आलेल्या पुतण्याने मला विचारलं, "फुफी, तुझ्याकडे सायन्स फिक्शन आहे का? पण जुनं नको. जुन्या गोष्टींत नुसती रॉकेटं उडतात आणि मंगळावर हिरवी माणसं असतात."

मी काही बोलले नाही. कपाटातून एक जुनं इंग्रजी पुस्तक काढून त्याच्या हातात दिलं. आयझॅक असिमोव्ह यांनी 1962 साली संपादित केलेला हा संग्रह आहे. ह्युगो पुरस्कार मिळालेल्या नऊ कथा त्यात आहेत. त्याला म्हटलं, यातल्या तीन वाच आणि हिरवा माणूस सापडला तर मला दाखव.

चार दिवसांनी तो पुस्तक घेऊन परत आला. हिरवा माणूस एकही सापडला नव्हता. त्याऐवजी त्याने जो प्रश्न विचारला, त्यामुळे मला बऱ्याच वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवली. त्या गोष्टीकडे मी शेवटी येते. आधी पुस्तकाबद्दल.

वाचकांनी दिलेला पुरस्कार

ह्युगो गर्न्सबॅक नावाचे एक संपादक अमेरिकेत होऊन गेले. 1926 साली त्यांनी 'अमेझिंग स्टोरीज' हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं. त्यांच्या नावाने 1953 साली फिलाडेल्फियात भरलेल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात पुरस्कार सुरू झाले. पुरस्काराचं चिन्ह आहे उभं रॉकेट. त्या पहिल्या वर्षी कथांसाठी पुरस्कार नव्हता. तो आला 1955 साली, क्लीव्हलँडच्या संमेलनात.

या पुरस्काराची मला आवडणारी बाब अशी की तो बंद खोलीत बसलेली समिती देत नाही. संमेलनाचे सभासद असलेले वाचकच मतं देतात. म्हणजे पन्नाशीच्या दशकात स्वस्त कागदावर छापलेली मासिकं विकत घेऊन वाचणाऱ्या माणसांनी या कथा निवडल्या आहेत. त्या काळात अमेरिका आणि रशिया यांची अंतराळाची शर्यत सुरू होत होती. 1957 साली रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. अशा वेळी वाचकांनी नुसती रॉकेटंच निवडली असती तर नवल नव्हतं. पण त्यांनी निवडलेल्या कथा पाहिल्या तर रॉकेट बहुतेक वेळा मागच्या पडद्यावर असतं आणि पुढे उभा असतो एखादा अडचणीत सापडलेला माणूस.

मी पुतण्याला ज्या तीन कथा सांगितल्या त्या तिन्हींत एकच गोष्ट वेगवेगळ्या अंगाने येते: माणसाला कशाने मोजायचं? एका कथेत माप आहे सरकारी यादीचं, दुसरीत कामाचं, तिसरीत बुद्धीचं. कथांचे शेवट मी सांगणार आहे. ज्यांना आधी स्वतः वाचायच्या असतील त्यांनी हे पान बाजूला ठेवावं.

यादीतली एक ओळ

पहिली कथा 'अलामागूसा'. लेखक ब्रिटिश, एरिक फ्रँक रसेल. 1955 साली 'अस्टाउंडिंग' मासिकात ती आली आणि त्याच वर्षी तिला लघुकथेचा पुरस्कार मिळाला.

एक अंतराळयान आहे. कॅप्टन मॅकनॉटला निरोप येतो की कडक शिस्तीचा एक ॲडमिरल तपासणीला येतोय. यादीतली प्रत्येक वस्तू यानावर हजर पाहिजे. सगळे कामाला लागतात. वस्तू एकेक करून जुळते आणि मग स्वयंपाकघराच्या यादीत एक ओळ सापडते: व्ही 1098, ऑफॉग, एक नग.

ऑफॉग म्हणजे काय, हे कोणालाच ठाऊक नाही. आचारी म्हणतो, असलं काही मी कधी वापरलं नाही. पण यादीत आहे म्हणजे असलंच पाहिजे, आणि नसेल तर कोणीतरी ते हरवलंय किंवा विकलंय. कॅप्टनला घाम फुटतो. शेवटी यानावरचा बिनतारी संदेशांचा अधिकारी एक शक्कल काढतो. ऑफॉग कसं दिसतं हे आपल्याला माहीत नाही, तसं ॲडमिरलला तरी कुठे माहीत असणार? तो एक चकचकीत पेटी बनवतो, तिला तबकड्या आणि लुकलुकणारे दिवे लावतो. ॲडमिरल येतो, पेटी पाहतो, तांत्रिक थाप ऐकतो आणि मान डोलावून निघून जातो.

झालं, सुटलो, असं वाटतं तोच हुकूम येतो की यान दुरुस्तीसाठी पृथ्वीवर न्यायचं आहे. तिथे खरे जाणकार असणार. ते विचारतील, हे खेळणं काय आहे? मग पहिली थाप झाकायला दुसरी. कॅप्टन कळवतो की गुरुत्वाकर्षणाच्या ताणामुळे ऑफॉगचे तुकडे तुकडे झाले. पेटी नष्ट केली जाते.

पृथ्वीवरून तातडीचं उत्तर येतं. व्ही 1098 ही टंकलेखनातली चूक आहे. तिथे 'ऑफ. डॉग' असं हवं होतं, म्हणजे ऑफिशियल डॉग, यानावरचा अधिकृत कुत्रा. गुरुत्वाकर्षणाच्या ताणाने कुत्र्याचे तुकडे नेमके कसे झाले, याचा सविस्तर खुलासा ताबडतोब पाठवा! आणि तो कुत्रा, पीझलेक त्याचं नाव, पहिल्या पानापासून यानावर मजेत फिरत असतो.

पुतण्या ही कथा वाचून खदाखदा हसला. मीही हसते, पण माझं हसू थोडं कडू असतं. माझ्या अब्बांचं नाव त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर 'महंमद' आहे, रेशनकार्डावर 'मोहम्मद' आणि जमिनीच्या कागदावर नुसतं 'मो.'. तिन्ही माणसं एकच आहेत हे सिद्ध करायला आम्ही एका कचेरीच्या किती पायऱ्या झिजवल्या, ते आम्हालाच ठाऊक. अब्बा स्वतः खिडकीसमोर उभे असायचे आणि आतला माणूस त्यांना विचारायचा, "यांचा पुरावा आहे का?" तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असा एखादा ऑफॉग असेल.

रसेल यांनी ही कथा सत्तर वर्षांपूर्वी लिहिली. यानावरच्या एकाही माणसाला, हा शब्दच चुकलेला असू शकतो, असं म्हणायचा धीर होत नाही, यावरच सगळी कथा उभी आहे. कोणी वाईट नाही, कोणी चोर नाही. फक्त सगळे घाबरलेले आहेत. भीतीपोटी माणूस पहिली थाप मारतो आणि मग तीच सांभाळत बसतो. मुलांना खोटं बोलू नका असं शंभरदा सांगण्यापेक्षा ही कथा एकदा मोठ्याने वाचून दाखवावी.

कामावरून उतरवलेला नट

दुसरी कथा मोठी आहे. 'द डार्फस्टेलर'. लेखक वॉल्टर मिलर. हीदेखील 1955 सालचीच, आणि क्लीव्हलँडमध्येच तिला दीर्घकथेचा पुरस्कार मिळाला. मिलर दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांवर होते. इटलीत माँते कासिनोच्या पुरातन मठावर जो हल्ला झाला त्यात त्यांचा सहभाग होता. यंत्राच्या हाती सगळं सोपवल्यावर काय होतं, हे त्यांनी फार जवळून पाहिलं होतं.

कथेतला रायन थॉर्नियर हा एके काळचा नामवंत नट. आता रंगभूमीवर माणसं काम करत नाहीत. बाहुल्या करतात. जिवंत नटांच्या हावभावांच्या आणि स्वभावाच्या फिती भरून ठेवलेल्या असतात. 'माएस्ट्रो' नावाचं यंत्र त्या फितींवरून बाहुल्या नाचवतं आणि प्रेक्षकांचा रागरंग पाहून प्रयोग जुळवून घेतं. बऱ्याच नटांनी पैसे घेऊन आपली फीत करून दिली आणि घरी बसले. थॉर्नियरने नकार दिला. आता तो त्याच नाट्यगृहात झाडू मारतो.

एके दिवशी तो एक बेत आखतो. प्रयोगाच्या ऐन वेळी एका पात्राची फीत निकामी होईल अशी व्यवस्था करतो, म्हणजे जिवंत माणसाला उभं करण्यावाचून इलाज राहणार नाही. नाटकाच्या शेवटी त्या पात्रावर पिस्तूल झाडलं जातं. थॉर्नियर त्यात खरी गोळी भरून ठेवतो. शेवटचं एकदा रंगमंचावर उभं राहायचं आणि तिथेच मरायचं, असा त्याचा हिशेब. प्रयोग सुरू होतो. बाहुल्यांच्या मधोमध एक माणूस. सुरुवातीला तो अडखळतो आणि मग रंगात येतो. रंगात आल्यावर त्याला जगावंसं वाटू लागतं. पण गोळी तर भरलेली आहे. ती त्याला लागते, तो जखमी होतो, पण वाचतो.

शेवटी नाट्यगृहातला तंत्रज्ञ मित्र त्याला जे सांगतो ते आजही विचार करायला लावणारं आहे. एखाद्या ठरलेल्या कामात माणूस कितीही तरबेज झाला तरी कधी ना कधी त्याहून तरबेज यंत्र येणारच. मग माणसाचं खरं कौशल्य कोणतं? नवीन कौशल्य निर्माण करणं. ते यंत्राला जमत नाही.

हे वाचताना मला आमच्या गल्लीतले एक वयस्कर कातिब आठवतात. उर्दू वर्तमानपत्रात ते हाताने मजकूर लिहायचे. बोरूची एकेक लपेट अशी की बघत राहावं. 1990च्या दशकात संगणकावरची उर्दू अक्षरजुळणी आली आणि दोनेक वर्षांत त्यांचं काम गेलं. कोणी त्यांच्यावर अन्याय करायचा ठरवलं नव्हतं. संगणक स्वस्त होता, झटपट होता आणि आजारी पडत नव्हता. त्यांनी पुढे लग्नपत्रिका लिहिल्या, मग पत्रिकाही छापून येऊ लागल्या. शेवटची काही वर्षं ते मोहल्ल्यातल्या मुलांना फुकट खुशखत शिकवत. थॉर्नियरच्या मित्राचं म्हणणं बरोबर असेल, पण साठीच्या माणसाला नवीन कौशल्य निर्माण कर असं सांगणं सोपं आहे आणि ते करणं अवघड, हेही खरं. मिलर यांना ते माहीत होतं. म्हणून त्यांनी थॉर्नियरला शहाणा दाखवलेला नाही. तो हट्टी आहे, थोडा स्वार्थी आहे, त्याचा बेत तर चक्क वेडेपणाचा आहे. तरीही आपण त्याच्या बाजूने असतो.

आज चित्र काढणारी, आवाज काढणारी, निबंध लिहिणारी यंत्रं आपल्या मुलांच्या खिशात आहेत. कोणता कोर्स केला म्हणजे नोकरी टिकेल, असं विचारणारे पालक मला रोज भेटतात. त्यांनी ही कथा वाचावी. तिच्यात कोर्सचं नाव मिळणार नाही, पण काम गेलं की माणूस स्वतःला कसा मोजू लागतो, ते त्यात नीट दिसतं.

चार्ली

आता तिसरी कथा. 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन', लेखक डॅनियल कीज. 1959 सालच्या एप्रिलमध्ये ती 'फँटसी अँड सायन्स फिक्शन' या मासिकात आली आणि 1960 साली पिट्सबर्गच्या संमेलनात तिला ह्युगो मिळाला. 1966 मध्ये कीज यांनी तिची कादंबरी केली, 1968 मध्ये 'चार्ली' नावाचा चित्रपट आला आणि त्यातल्या भूमिकेसाठी क्लिफ रॉबर्टसन यांना ऑस्कर मिळालं. माझ्या मते मूळ कथाच सर्वांत चांगली आहे.

कीज हे न्यूयॉर्कमध्ये शाळामास्तर होते. गतिमंद मुलांच्या वर्गावर असताना एका मुलाने त्यांना विचारलं होतं की मी खूप मेहनत करून हुशार झालो तर मला साध्या वर्गात घालाल का? तो प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही. मी स्वतः शिक्षिका आहे. असा प्रश्न मनातून का जात नाही ते मला कळतं.

कथा चार्ली गॉर्डनच्या टिपणांतून सांगितलेली आहे. वय 37, बुद्ध्यांक 68, एका कारखान्यात साफसफाईचं काम. रात्रीच्या शाळेत मिस किनियन यांच्याकडे तो लिहायला-वाचायला शिकतो, कारण त्याला हुशार व्हायचं आहे. दोन डॉक्टर त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतात. हीच शस्त्रक्रिया आधी अल्जर्नन नावाच्या पांढऱ्या उंदरावर झालेली असते आणि तो उंदीर भुलभुलैयातून वाट काढण्यात चार्लीला हरवत असतो.

पहिली टिपणं चुकीच्या स्पेलिंगमध्ये आहेत. साध्या साध्या शब्दांच्या चुका. वाचताना हसू येतं. चार्ली लिहितो की कारखान्यातले जो आणि फ्रँक हे माझे चांगले मित्र आहेत, आम्ही खूप हसतो. कोणी गाढवपणा केला की तिथे म्हणतात, याने चार्ली गॉर्डन केला! चार्लीला त्याचा अर्थ कळत नाही, पण सगळे हसतात म्हणून तोही हसतो. आणि आपण वाचकही हसत असतो.

शस्त्रक्रियेनंतर हळूहळू स्पेलिंग सुधारतं. विरामचिन्हं येतात. वाक्यं लांब होतात. आणि एके दिवशी त्याला उमगतं की जो आणि फ्रँक त्याच्याबरोबर हसत नव्हते, त्याला हसत होते. पुढे तो इतका बुद्धिमान होतो की डॉक्टरही त्याच्यापुढे कमी पडतात. कारखान्यातले लोक त्याला आता घाबरतात. त्याला काढून टाका असा अर्ज करतात, त्यावर आठशेहून अधिक सह्या. कमी बुद्धीचा होता तेव्हा हसण्याचा विषय, जास्त बुद्धीचा झाला तेव्हा भीतीचा. माणूस म्हणून त्याच्याकडे कोणी पाहिलंच नाही.

कथेच्या मध्यावर एक छोटा प्रसंग आहे. चार्ली एका खानावळीत बसलेला असतो. बशा धुणारा सोळाएक वर्षांचा मुलगा हातातल्या बशा पाडतो. मालक ओरडतो, गिऱ्हाइकं टोमणे मारतात. मुलगा गोंधळतो आणि सगळे हसताना पाहून स्वतःही हसू लागतो. काय चाललंय ते त्याला कळत नसतं. चार्लीच्या लक्षात येतं की हा मुलगा आपल्यासारखाच आहे. आणि त्याच क्षणी त्याच्या हेही लक्षात येतं की इतरांबरोबर आपणही हसत होतो. तो उठून सगळ्यांवर ओरडतो.

पुढे अल्जर्ननची बुद्धी उतरू लागते. तो उंदीर मरतो. आपलंही तेच होणार, हे चार्ली स्वतःच संशोधन करून सिद्ध करतो. मग टिपणांतलं स्पेलिंग पुन्हा बिघडू लागतं. विरामचिन्हं जातात. या वेळी मात्र चुकांवर हसू येत नाही. चार्ली कारखान्यात परत जातो. एक नवा कामगार त्याची टर उडवतो तेव्हा जो त्याची गचांडी धरतो. शेवटी चार्ली शहर सोडून जायचं ठरवतो आणि लिहून ठेवतो की जमलं तर मागच्या अंगणात अल्जर्ननच्या कबरीवर फुलं ठेवा.

एका मासिकाच्या संपादकाने कीज यांना शेवट बदलायला सांगितलं होतं. चार्ली हुशारच राहावा, बाईंशी लग्न व्हावं, गोड शेवट. कीज यांनी नकार दिला आणि कथा दुसरीकडे दिली. आज त्याबद्दल त्यांचे आभार मानावेसे वाटतात. शेवट गोड झाला असता तर चार्ली हुशार झाला म्हणून त्याची किंमत वाढली, असा अर्थ निघाला असता.

मीच गेलो होतो

पुतण्याने पुस्तक परत देताना मला विचारलं होतं, "फुफी, चार्लीला आधीपासून थोडं कळत असेल का गं? की खरंच काहीच कळत नव्हतं?"

माझे एक मामू होते, अम्मीचे सर्वांत धाकटे भाऊ. आजच्या भाषेत गतिमंद म्हणतील. तेव्हा मोहल्ल्यात वेगळे शब्द होते, ते मी इथे लिहीत नाही. मामू बाजारातून पोती वाहायचे, म्हाताऱ्यांचं पाणी भरायचे. आणि मोहल्ल्यातल्या पोरांचा एक खेळ होता. मामूंना सांगायचं, "मामू, पलीकडच्या दुकानातून अर्धा किलो सावली आणा." दुकानदारही सामील. तो म्हणायचा, आमच्याकडे संपली, मशिदीजवळच्या दुकानात विचारा. असे मामू चार दुकानं फिरून यायचे. रिकाम्या हाताने परतले की सगळे हसायचे आणि मामूही हसायचे.

1987 सालचा रमजान मे महिन्यात आला होता. मी दहा वर्षांची होते. मामू रोजा कधी सोडत नसत. एके दुपारी, डोकं फुटेल अशा उन्हात, मला कंटाळा आला होता आणि बरोबरच्या मुलींना हसवायचं होतं. मी मामूंना म्हटलं, "मामू, अर्धा किलो सावली आणा ना." ते चप्पल घालून निघाले.

दीड तासाने आले. चेहरा काळवंडलेला, ओठ सुकलेले. ओट्यावर बसले आणि आम्ही हसलो तसे हसले. तेवढ्यात अम्मी बाहेर आली. भावाची अवस्था बघून तिचा आवाजच चढला. "रोज्यात असल्या उन्हात कोणी पाठवलं तुला?"

मामूंनी माझ्याकडे पाहिलं. अगदी सरळ. मग अम्मीला म्हणाले, "कोणी नाही. मीच गेलो होतो."

पुढे कधी त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. अम्मीला मी आजवर सांगितलेलं नाही. हे छापून आल्यावरच तिला कळेल.

काही वर्षांनी डी.एड.ला असताना कॉलेजच्या ग्रंथालयात मी चार्लीची कथा पहिल्यांदा वाचली. खानावळीच्या प्रसंगापाशी आले आणि पुस्तक मिटलं. मला वाटत होतं की मी चार्लीच्या बाजूची वाचक आहे. मी तर टोमणे मारणाऱ्या गिऱ्हाइकांत बसले होते. तोपर्यंत मामू हयात नव्हते.

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे त्यांना कळत होतं."

सगळं कळत होतं की नाही, ते मला माहीत नाही. पण त्या दुपारी ओट्यावर जितकी माणसं होती, त्यांत दुसऱ्याची लाज राखायचं शहाणपण एकट्या मामूंनाच सुचलं. ते कोणत्या मापाने मोजायचं? वर्गात मी गुणपत्रिका भरते तेव्हा हा प्रश्न माझ्यासमोर येतो. गुण तर द्यावेच लागतात. पण रकाना भरल्यावर त्या मुलाच्या तोंडाकडे एकदा बघायचं, एवढं मी स्वतःला लावून घेतलं आहे.

घरी वाचायचं असेल तर

तिन्ही कथा मूळ इंग्रजीत आहेत. 'अलामागूसा' सातवी-आठवीच्या मुलांना सहज कळेल. एकाने वाचायची आणि बाकीच्यांनी ऐकायची. ऑफॉग म्हणजे काय असेल, हे शेवटाच्या आधी थांबून प्रत्येकाला विचारायचं. मजा येते. 'डार्फस्टेलर' लांब आहे, ती कॉलेजच्या मुलांनी आणि मोठ्यांनी वाचावी. चार्लीची कथा दहावीनंतर. सुरुवातीच्या चुकीच्या स्पेलिंगला घाबरू नका, पुढे ते सुधारतं. मुलं त्या चुकांवर हसली तर लगेच रागावू नका. हसू द्या. पुढची पानं त्यांना आपोआप थांबवतील.

सुटीत घर भरलेलं असतं. कोणाच्या दहावी-बारावीचे निकाल लागतील, टक्क्यांची तुलना होईल. कोणीतरी मागे राहिलेलं असेल आणि दस्तरखानावर त्याच्यावर एखादा विनोद होईल. सगळे हसतील आणि तोही हसेल. तो हसला म्हणून त्याला लागलं नाही, असं मात्र धरून चालू नका.

याच संग्रहात रॉबर्ट ब्लॉक यांची एक कथा आहे. तिच्यात नरकाकडे जाणारी आगगाडी आहे आणि आयुष्यातल्या सर्वांत सुखाच्या क्षणी काळ थांबवता येईल असं एक घड्याळ आहे. ते घड्याळ ज्याला मिळतं त्याला तो क्षण काही ठरवता येत नाही. तिच्याविषयी पुढच्या महिन्यात. तोवर, खुदा हाफिज.